एका ८ बाय ४ प्लायमध्ये साठवणीचं कपाट: कटिंगचा हिशोब आणि जोडणी

काटकोन

प्लायचं कपाट महाग पडतं ते बहुतेक वेळा मापामुळे. आधी ठरतं की ४५० मिमी खोल हवं, मग शीट येते, आणि १२२० मिमी रुंदीतून ४५० च्या दोनच पट्ट्या निघतात. उरलेली तीनशेची लांबलचक पट्टी घरात भिंतीला टेकून राहते. म्हणून माप शीटवरून ठरवा, कपाट त्यात बसवा.

८ बाय ४ ची १८ मिमी जाडीची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. तिच्या लांबीच्या दिशेने ४०० च्या तीन पट्ट्या काढायच्या. १२०० झाले, दोन कापांत पात्याची जाडी ३-३ मिमी गेली, तरी १४ मिमी हाताशी राहतात. आता पट्ट्यांचे आडवे तुकडे:

पट्टी अ: ७६४, ७६४, ७६४
पट्टी ब: ७६४, ७६४, ८००
पट्टी क: ८००, ८००, ८००

चार ८०० चे तुकडे म्हणजे दोन साइड आणि दोन दरवाजे. पाच ७६४ चे म्हणजे टॉप, बॉटम, दोन फळ्या आणि एक जादा. कपाट होतं ८०० रुंद (७६४ आणि दोन साइडची जाडी १८-१८), ८०० उंच, ४०० खोल. खाली १०० मिमीचे पीव्हीसी पाय लावले की वरचा माथा ९०० वर येतो, म्हणजे साधारण ओट्याच्या उंचीला. शीटचा ९४ टक्के भाग कामी येतो. मागच्या बाजूला ६ मिमी प्लाय, ती ६ बाय ३ च्या छोट्या शीटमधून ७९६ बाय ७९६ निघते.

पाचवा ७६४ चा तुकडा फेकायचा नाही. त्यातून ४० मिमीच्या दोन पट्ट्या (फळ्यांच्या पुढच्या कडेला) आणि ८० मिमीच्या दोन पट्ट्या (आतून मागच्या बाजूला, एक वर आणि एक खाली) काढा. कपाट भिंतीला धरून ठेवायचं ते याच वरच्या पट्टीतून.

दोन्ही दरवाजे पट्टी क मधूनच घ्या. रंग देणार असाल तर फरक नाही, पण पॉलिश किंवा व्हार्निश करायचं असेल तर शेजारच्या दोन दरवाज्यांवर लाकडाच्या रेषा मिळत्याजुळत्या दिसतात.

भुसा

कटिंगचा नकाशा चांगला आहे. खरेदीबद्दल लिहितो, कारण पुढची अर्धी डोकेदुखी तिथेच ठरते.

कोरड्या खोलीसाठी आयएस ३०३ (प्लायचं भारतीय मानक) ची एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट), म्हणजे ज्याला दुकानदार 'कमर्शियल' म्हणतो ती, पुरते. सिंकखाली, बाथरूमबाहेर किंवा ओल येणाऱ्या भिंतीजवळ ठेवायचं असेल तर आयएस ३०३ चीच बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) घ्या. आयएस ७१० ची मरीन प्लाय, जिचा नमुना ७२ तास उकळून तपासतात, ती या कामाला लागत नाही. नुसतं 'वॉटरप्रूफ' या शब्दावर पैसे देऊ नका. शीटवर आयएसआयचा छाप आणि त्याखाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि कोणत्या मानकाचा परवाना आहे ते दिसतं. दुकानातच बघा, दोन मिनिटं लागतात.

मग शीट काठावर उभी करून चारही कडा बघा. थरांमध्ये काळी फट दिसली तर आत पोकळी आहे, आणि नेमका तिथे बिजागरीचा स्क्रू आला तर तो धरणार नाही. शीटच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. वाकडी शीट साइडला चालवून नेता येते, कारण सांधे तिला सरळ धरतात. दरवाज्याला ती कधीच चालत नाही.

जाडी मोजा. '१८ मिमी' म्हणून दिलेली शीट १७ च्या आसपास भरणं नेहमीचं आहे. या नकाशात त्याने फारसं बिघडत नाही: सगळे ७६४ एकसारखे असले की बाहेरची रुंदी ८०० ऐवजी ७९८ होईल, इतकंच. सगळे तुकडे एकमेकांशी तंतोतंत असणं महत्त्वाचं.

मोजपट्टी

भुसा यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. दुकानात किंवा वखारीत पॅनल सॉ (अख्खी शीट सरळ कापणारं मशीन) असेल तर सगळे काप तिथेच करून घ्या. कापामागे किंवा फुटामागे पैसे घेतात, पण घरी हातमशीनवर २४४० चा सरळ काप काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. सांगताना दोन गोष्टी ठासून सांगा.

एक, माप मिमीमध्ये लिहून द्या. आपल्याकडे कारागीर इंच आणि सूत बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीहून थोडा जास्त. ८०० मिमी म्हणजे बरोबर ३१ इंच ४ सूत, पण ७६४ हे ३० इंचाहून २ मिमी जास्त, ते सुतात बसतच नाही. तोंडी सांगितलं की कुणी ३० इंच धरतो, कुणी ३० इंच १ सूत, आणि दोन तुकड्यांत ३ मिमीचा फरक पडला की चौकट तिरकी होते.

दोन, सारख्या मापाचे सगळे तुकडे गाइड न हलवता, एकाच सेटिंगवर कापायचे. आधी तिन्ही ४०० च्या पट्ट्या, मग पाचही ७६४, मग चारही ८००. मधे गाइड सरकवून परत आणलं तर अर्धा-एक मिमी इकडे तिकडे होतोच.

दरवाज्यांचं शेवटचं माप ७९६ बाय ३९८. दोन मिळून ७९६, मधे ३ मिमी फट, एकूण ७९९. हे छाटकाम त्याच वेळी करून घ्या.

निळी_फाईल

फळ्या १२ मिमीच्या केल्या तर खर्च किती वाचेल? आणि पुढची ४० ची पट्टी खरंच लागते का? खालच्या कप्प्यात डबे आणि वरच्यात जुन्या फायली, पुस्तकं ठेवायची आहेत.

काटकोन

निळी_फाईल, इथे काहीच वाचत नाही, कारण १८ मिमीच्या फळ्या त्याच शीटमधून निघतात. १२ मिमीसाठी वेगळी शीट घ्यावी लागेल.

आणि वाकण्याचा हिशोब जाडीच्या घनावर चालतो. १२ मिमीची फळी १८ मिमीच्या मानाने जवळपास ३.४ पट वाकते. लांबीचं त्याहून कडक: फळीवर सलग पुस्तकं लावली आणि लांबी दुप्पट केली तर मधला झोक सोळापट होतो. ७६४ ला १८ मिमी डब्यांसाठी ठीक आहे, पुस्तकांसाठी काठावर आहे. म्हणून ती पट्टी. फळी ३६० खोल ठेवा, ४० ची पट्टी तिच्या पुढच्या कडेला उभी चिकटवा, वरची बाजू फळीशी समतल. पट्टी फळीखाली फक्त २२ मिमी लोंबते, डबा काढताना अडत नाही, प्लायची उघडी कड झाकली जाते आणि ताठपणा कितीतरी वाढतो. फळी आणि पट्टी मिळून ३७८ खोली, म्हणजे दरवाज्यामागे २२ मिमी मोकळी जागा राहते.

कप्पे समान करू नका. आतली उंची ७६४ आहे. खालून ३००, मग फळी १८, मग २४०, फळी १८, वर १८८. बेरीज ७६४ येते. फायली लांब कडेवर उभ्या ठेवायच्या तर त्या ३०० च्या कप्प्यात जातील (पट्टीखालून २७८ मोकळे राहतात), वरचा १८८ किरकोळ सामानाला.

फळीची वरची रेषा लांबीच्या दिशेने यायला हवी, या नकाशात ती आपोआप येते. उरलेल्या तुकड्यातून आडव्या रेषेची फळी काढली तर ती लवकर झुकते.

पटाशी

जोडणी लिहितो. स्क्रू ४ बाय ५० मिमी, चिपबोर्डचे. प्रत्येक सांध्याला तीन: पुढून ५०, २०० आणि ३५० मिमीवर. टॉप, बॉटम आणि दोन फळ्या, दोन्ही बाजू मिळून २४ स्क्रू. फळी ३७८ ची असल्याने तिच्या बाबतीत हेच अंतर मागच्या कडेपासून मोजा.

साइडमध्ये आरपार ४ मिमी भोक, आणि समोरच्या तुकड्याच्या कडेत २.५ ते ३ मिमी. साइडमधलं भोक स्क्रूपेक्षा लहान राहिलं तर आटे दोन्ही तुकड्यांत धरतात आणि मधली फट कितीही आवळली तरी मिटत नाही. कडेत भोक न पाडता स्क्रू मारला तर तो दोन थरांमध्ये पाचरीसारखा घुसतो आणि प्लाय फुगते. हे दोन्ही दोष फार दिसतात. भोकाच्या तोंडाशी शंकूचा खड्डा घ्या, म्हणजे डोकं आत बसेल आणि वर लांबी (पुट्टी) भरता येईल.

सांध्यात फेविकॉल हवाच. प्लायच्या कडेत स्क्रूची पकड मुळात कमी. तिथे स्क्रूचं काम गोंद सुकेपर्यंत दाबून धरण्याचं, पुढे सांधा गोंदच धरतो. कड गोंद पिते, म्हणून तिच्यावर एक पातळ हात देऊन पाच मिनिटांनी दुसरा द्या. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, सुकला की त्यावर रंग वेगळा दिसतो.

क्रम असा: एक साइड जमिनीवर आडवी, तिच्यावर बॉटम, दोन फळ्या, टॉप उभे करून जोडा, मग दुसरी साइड वरून. सगळी रेषाखूण दोन्ही साइड शेजारी ठेवून एकदमच करा, म्हणजे फळी एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली होत नाही. गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. ८०० बाय ८०० च्या चौकटीचा कर्ण ११३१ मिमी. दोन्ही कर्ण सारखे हवेत. एक लांब आला तर त्या दोन कोपऱ्यांना दाबून चौकट सरळ करा आणि त्याच स्थितीत मागची ६ मिमी प्लाय लावा, दर १५० मिमीला छोटा स्क्रू किंवा खिळा. ही मागची प्लायच कपाट काटकोनात धरते. पैसे वाचवायला ती गाळली किंवा हार्डबोर्डचे दोन तुकडे जोडून लावली तर कपाट डुलतं.

भुसा

पायांबद्दल एक सुधारणा. बॉटम दोन साइडच्या मधे आहे. पाय फक्त बॉटमला लावले तर टॉपवरचं वजन साइडमधून खाली येऊन बॉटमच्या स्क्रूवर लटकतं. पायाची चकती अशी ठेवा की तिचा काही भाग साइडच्या खालच्या कडेखाली येईल. स्क्रू बॉटममध्ये मारा, साइडच्या कडेत नको. मग वजन साइडवरून थेट पायात उतरतं.

आणि पाय गाळून कपाट थेट फरशीवर ठेवू नका. फरशी पुसताना पाणी रोज खालच्या कडेला लागतं, आणि प्लाय खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते. एमआर प्लायचे थर अशा रोजच्या ओलाव्याने वर्षभरात सुटू शकतात.

पावसाळी_वाडा

कोकणात हे काम करणाऱ्यांसाठी: बीडब्ल्यूआरच घ्या, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून २५ मिमी तरी पुढे ठेवा. मागची प्लाय लावण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना प्राइमर द्या. भिंतीकडची बाजू नंतर हाताला लागत नाही आणि बुरशी तिथेच धरते. मागच्या प्लायला वर आणि खाली २५ मिमीची दोन-दोन भोकं पाडली तर कपड्यांना येणारा कुबट वास बराच कमी होतो. सुतारकाम शक्यतो पावसाळ्याआधी उरका. जुलैत आणलेली शीट ओलावा धरून असते, आणि रंगही सुकत नाही.

निळी_फाईल

बिजागरी कोणती? दुकानात झिरो, आठ, सोळा असं काहीतरी विचारतात.

पटाशी

दरवाजा साइडची कड पूर्ण झाकतो तिथे झिरो क्रॅंक. एकाच मधल्या उभ्या फळीवर दोन दरवाजे येतात तिथे अर्धी कड झाकणारी, म्हणजे आठची. दरवाजा चौकटीच्या आत बसतो तिथे सोळाची. तुम्हाला झिरो, दर दरवाज्याला दोन, एकूण चार. दरवाजा साधारण पावणेचार किलोचा होईल, दोन पुरतात.

दरवाज्यात ३५ मिमी व्यासाचं भोक, खोली १२ ते १२.५ मिमी. भोकाचा मध्य दरवाज्याच्या कडेपासून २२ मिमी आत आणि वरच्या-खालच्या टोकापासून १०० मिमीवर. इथे सगळ्यात मोठा धोका म्हणजे बिटचं मधलं टोक पलीकडे फुटणं. १८ मध्ये १२.५ गेले की खाली ५.५ उरतात, आणि प्लाय १७ ची निघाली तर ४.५ च. म्हणून दोन-तीन मिमी गेल्यावर थांबून खोली मोजत जा. बिटवर टेपची खूण करा, पण आधी एका टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून बघा.

साइडवर बिजागरीच्या प्लेटच्या स्क्रूंची रेषा पुढच्या कडेपासून ३७ मिमी. काटकोन यांनी दिलेल्या कप्प्यांत फळ्या बिजागऱ्यांच्या जागी येत नाहीत, हे तपासलं आहे. कप्पे बदलले तर तेवढं पुन्हा बघा.

सागर_किनार

खर्चाचा ढोबळ आकडा कुणी देईल का? लॅमिनेट लावून आणि न लावता, दोन्ही.

मोजपट्टी

दर गावागणिक बदलतात, हे अंदाज समजा आणि दुकानात जीएसटीसह भाव विचारा. रंगाचं कपाट:

१८ मिमी एमआर, ३२ चौरस फूट, ७५ ने: २४००
६ मिमी, १८ चौरस फूट, ४० ने: ७२०
चार बिजागऱ्या, साध्या: ३००
चार पाय: १६०
फेविकॉल एक किलो: ३००
स्क्रू, पॉलिश पेपर: २००
दोन मुठी: १५०
प्राइमर, लांबी, रंग: ६००
कटिंग: ४००

बेरीज ५२३०. वाहतूक वेगळी. १८ मिमीची एक शीट तीस-चाळीस किलोची असते, पण दुकानातच कापून घेतली तर तुकडे रिक्षात मावतात आणि टेम्पोचा खर्च टळतो.

लॅमिनेटसाठी बाहेरून १ मिमी आणि आतून पातळ लायनर, शिवाय कडांना एज बँड (कडेवर चिकटवायची पीव्हीसीची पट्टी). पुढच्या सगळ्या कडा आणि दरवाज्यांच्या चारही बाजू धरून साडेनऊ मीटर होतात, ११ मीटर घ्या. १८ च्या प्लायला २२ मिमी रुंदीचा बँड. गोंदही दुप्पट-तिप्पट जातो, शीटच्या एका बाजूला साधारण एक किलो.

भुसा

लॅमिनेट करणार असाल तर दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना करा. फक्त बाहेरून सनमायका आणि आतून नुसता रंग, ही काटकसर नडते. दोन्ही बाजू ओलावा वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि दरवाजा एका पावसाळ्यात वाकतो. मग बिजागरी कितीही फिरवली तरी वरचा कोपरा बाहेर राहतो. आणि बँड लावणार असाल तर दरवाजा ३९८ ऐवजी ३९६ ला कापा, दोन्ही कडांचा ०.८ मिमीचा बँड धरून माप जुळतं.

रंगाचं कपाट करणाऱ्यांनी एज बँड घेऊ नये, पीव्हीसीवर रंग धरत नाही. तिथे कडांना लांबी भरा, किंवा सागाची पातळ लिपिंग पट्टी मारून रंध्याने समतल करा. पट्टी महाग पडते, पण दरवाज्याची कड हाताला रोज लागते, तिथे तरी लावावी असं माझं मत. पट्टीच्या जाडीइतका दरवाजा कमी कापायला विसरू नका.

पटाशी

वखारीत कटिंग न करता घरीच मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून कापणाऱ्यांसाठी: ते मशीन मिनिटाला १२ हजारांच्या वर फिरतं. पात्यावर छापलेला कमाल वेग त्याहून जास्त आहे का ते आधी बघा. गार्ड काढू नका. शीटच्या खाली दोन्ही बाजूंना आधार द्या, नाहीतर काप मिटून पातं आवळतं आणि मशीन उसळून मागे येतं. गॉगल आणि मास्क लावा.

हातमशीनचं पातं खालून वर कापतं, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवा आणि रेषेवर मास्किंग टेप लावा. टेबल सॉवर उलट, चांगली बाजू वर.

परदेशी_मोजमाप

अमेरिकेत करणाऱ्यांनी हाच नकाशा वापरावा, शीट ४ बाय ८ फुटांचीच असते. ३/४ इंच म्हणून मिळणारी प्लाय बहुधा २३/३२ इंच, म्हणजे १८.३ मिमी भरते. होम डेपोसारख्या दुकानात ती कापूनही देतात, पण त्या कापाचा अचूकपणा वरच्या कामाला पुरत नाही. तिथे फक्त लांब पट्ट्या काढून घ्या, त्याही ४०३ च्या, आणि शेवटचा काप घरी.

निळी_फाईल

शेवटची शंका. रंगाचा क्रम आणि दरवाजे कधी लावायचे?

काटकोन

सगळं जोडून बघा, दरवाजे लावून फटी जुळवा, मग बिजागऱ्या काढून रंग द्या. आधी १२० चा पॉलिश पेपर, प्राइमर, लांबी, १८० चा पेपर, पुन्हा प्राइमर, मग रंगाचे दोन पातळ हात. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या, कारण तेच, वाकण्याचं. कडांना एक हात जास्त. तेलाचा इनॅमल हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला आठवडा तरी जातो. तोवर दरवाजे दाबून बंद केले तर चौकटीला चिकटतात आणि उघडताना रंग सोलून निघतो.

पाय फिरवून कपाट लेव्हलमध्ये आणा, वरच्या मागच्या पट्टीतून एल क्लॅम्पने भिंतीला पक्कं करा, सामान भरा, आणि मगच बिजागऱ्यांची शेवटची जुळणी करा. रिकाम्या कपाटात जुळलेल्या फटी वजन आल्यावर थोड्या सरकतात. बाजूचा स्क्रू मधली फट ठरवतो, मागचा स्क्रू दरवाजा साइडपासून किती दूर राहील ते, आणि प्लेटचे स्क्रू वर-खाली. आधी उंची, मग मधली फट, शेवटी आत-बाहेर. एका वेळी अर्धाच फेरा फिरवा आणि दरवाजा बंद करून बघा.